बायकांची सहल: पैसे, पाणी आणि परतीची गाडी

कामं आवरली का? नसतील आवरली तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. आज आपण सहलीबद्दल बोलणार आहोत.

आपण बायका गाव कधी सोडतो? माहेरी जायचं असलं तर, लग्नकार्य असलं तर, दवाखाना निघाला तर, नाहीतर देवाला. तिथंही पोरं सांभाळायची, सगळ्यांचे डबे भरायचे, म्हाताऱ्यांचा हात धरायचा. नुसतं बघायला, चार दिवस जिवाला बरं वाटावं म्हणून निघालेली बाई आपल्याकडं दाखवा बघू! आम्हीही त्यातल्याच. आमच्या गटात बारा जणी. माणदेशात जन्मलो, माणदेशातच दिलेल्या. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर. समुद्र बघितला तो टीव्हीवर.

दोन वर्षांपूर्वी बैठकीत एकजण सहज म्हणाली, "एकदा खरा समुद्र बघावा बाई." सगळ्या हसलो. पण पुढच्या बैठकीत तोच विषय निघाला, आणि वर्षानं आम्ही गणपतीपुळ्याला जाऊन आलो. तीन दिवस, दोन रात्री. कुणी कर्ज काढलं नाही, कुणी आजारी पडली नाही, कुणाचं काही चोरीला गेलं नाही. हे जमलं कसं, ते सांगतो. तुम्ही पंढरपूरला जा, पन्हाळ्याला जा नाहीतर महाबळेश्वरला, गोष्टी त्याच लागतात.

आधी विचारा, कुणाला काय अडचण आहे

याआधीची आमची एक सहल फसली होती, ते आधी सांगायला पाहिजे. तेव्हा आम्ही एका दिवसात तीन देवळं करायचं ठरवलं होतं. पहाटे चारला निघालो. दुपारी आमच्यातली एकजण बसथांब्यावर चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कधी प्यायलात?" ती म्हणाली, "काल रात्री." वाटेत कुठं जायला लागू नये म्हणून तिनं सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं. आम्ही एकमेकींकडं बघितलं. आमच्यापैकी नऊ जणींनी तेच केलं होतं!

म्हणून या वेळी ठिकाण ठरवायच्या आधी आम्ही प्रत्येकीला एकटीला गाठून विचारलं, "तुला प्रवासात कशाची भीती वाटते?" सगळ्यांसमोर विचारलं असतं तर कुणी बोललं नसतं. एकीला घाटात उलट्या होतात. एकीला साखर आहे. एकीची पाळी त्याच तारखांना येणार होती. एकीची म्हैस व्यायला आली होती. आणि आमच्यातल्या थोरल्या काकू, ज्या दर वेळी "मला नाही गं हौस" म्हणून मागं राहायच्या, त्यांनी हळूच सांगितलं, की खोकलं, हसलं की लघवी थेंबथेंब होते, पातळ ओलं होतं, लोकांत लाज वाटते. हौस नव्हती असं नाही. इतकी वर्षं त्या या एका गोष्टीसाठी घरी बसल्या होत्या.

मैत्रिणींनो, हा त्रास आपल्यात कितीतरी बायकांना असतो, विशेषतः बाळंतपणं जास्त झालेल्यांना. त्यावर व्यायाम आहेत, औषधोपचार आहेत. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा. काकूंना आम्ही दाखवून आणलं. आणि सहलीचा बेत त्यांच्या सोयीनं आखला. दर दोन तासांनी थांबा, जवळ पॅड, एक जास्तीचं पातळ आणि परकर. सगळ्यात जिला अवघड, तिच्या सोयीनं बेत केला की बाकीच्यांचा प्रवास आपोआप सुखाचा होतो. एवढं जरी या भाषणातून लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

पैशाचा हिशेब

आमचा नियम होता, की सहलीसाठी गटातून कर्ज घ्यायचं नाही आणि गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. वेगळी भिशी काढली. बारा जणींनी महिना १०० रुपये, बारा महिने. एकीचे १,२०० झाले, सगळ्यांचे मिळून १४,४००. वही वेगळी, सही दोघींची.

एकीच्या १,२०० रुपयांची वाटणी अशी केली होती: एसटीला जाऊनयेऊन ५२०, दोन रात्रींच्या मुक्कामाला ३००, जेवणाखाण्याला १८०, रिक्षा आणि किरकोळ ८०, आणि १२० रुपये अडीनडीला. हा आमचा हिशेब. तुमचं अंतर वेगळं, तुमचा वेगळा निघेल. पण दहा रुपयांतला एक रुपया अडीनडीसाठी बाजूला ठेवाच. तो उरला तर परत वाटून घ्या.

एवढ्यात भागलं ते एसटीमुळं. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे. साधी गाडी असो नाहीतर निमआराम. ७५ वर्षांच्या पुढच्यांना, बाई असो वा पुरुष, तिकीटच नाही. त्यासाठी आधारकार्ड जवळ पाहिजे. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्यांना अर्धं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. गाणगापूरला किंवा गोव्याला निघालात तर हद्दीच्या पुढचं तिकीट पूर्ण पडतं. आणि शहरातल्या महापालिकांच्या बसगाड्यांना एसटीची ही सवलत लागू नाही.

जायचे दिवस निवडतानाही पैसे वाचतात. दिवाळीचा आठवडा, नाताळ ते ३१ डिसेंबर, शनिवार-रविवार या दिवसांत खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि गाडीत उभं राहायला जागा नसते. गणपतीपुळ्याला संकष्टी आणि अंगारकीलाही तीच गत. आम्ही दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, खुरपणी उरकून, मंगळवार ते गुरुवार गेलो. रानातली कामंही अडली नाहीत.

कशानं जायचं

आम्ही दोनदा गाडी बदलली. कऱ्हाडवरून कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून कोकणात. आठ दिवस आधी आगारात जाऊन आरक्षण केलं. आरक्षण करताना तीन गोष्टी विचारून घ्या: गाडी कुठं कुठं थांबते, किती वेळ थांबते, आणि आपल्या ठिकाणाहून परतीची शेवटची गाडी कितीला आहे. परतीची गाडी चुकली की अनोळखी गावात रात्री बायका अडकतात, आणि मग जो जे सांगेल ते भाडं द्यावं लागतं. म्हणून शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीच्या गाडीचं ठरवा. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामावर पोचायचं, हे पक्कं.

रेल्वेनं जाणार असाल तर आता ६० दिवस आधीपासून आरक्षण करता येतं. ४५ वर्षांच्या पुढच्या बायकांना जागा शिल्लक असेल तर खालचा बर्थ देतात, म्हणून वय बरोबर लिहा. ज्येष्ठांची रेल्वेतली जुनी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती आहे असं धरून पैसे मोजू नका. वाटेत त्रास झाला तर १३९ नंबर लावायचा, मदत तिथूनच मिळते.

खाजगी गाडी करायची असेल तर पिवळ्या पाटीवर काळे आकडे असलेली गाडी बघा. भाड्यानं चालवायची परवानगी तिला असते. पांढऱ्या पाटीची ओळखीच्याची गाडी स्वस्त वाटते, पण ती भाड्यानं नेणं नियमात बसत नाही. किलोमीटरचा दर, टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता हे सगळं कागदावर लिहून घ्या. चालकाच्या झोपेची सोय करा. रात्रभर गाडी हाकलेला माणूस पहाटे घाटात डुलकी घेतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. जत्रेला, लग्नाला आपण पिकअपमध्ये, टेंपोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं बसतो. सगळेच जातात म्हणून आपणही चढतो. ती गाडी मालासाठी असते. तिला धरायला काही नसतं, वळणावर उलटली तर सगळ्या एकमेकींवर पडतात. वर विम्याची भरपाई मिळवायला घरच्यांना फार अडचण येते. पन्नास रुपये वाचवायला त्यात चढू नका. चढायचा आग्रह झाला तर चौघींनी मिळून नाही म्हणा. एकटीला जमत नाही ते चौघींना जमतं.

पाणी प्या, जागा शोधा

पाणी न पिता प्रवास केला की डोकं धरतं, चक्कर येते, लघवीला जळजळ होते. म्हणून पाणी प्यायचंच. एकदम तांब्याभर पिऊ नका, अर्ध्या तासानं दोन-चार घोट. गाडी स्टँडवर थांबली की लागलेली असो वा नसो, जाऊन यायचं. जोडीनं जायचं. एक आत, दुसरी बाहेर पिशव्या सांभाळत. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, "आम्ही दोघी उतरलोय." सुटे पैसे, साबणाचा तुकडा आणि कागद पदराला हवाच. मोठ्या रस्त्यावर पेट्रोलपंपावर बहुधा संडास असतो. विचारायला लाजायचं नाही.

पाळी येणार असेल तर येऊ द्या. देवाला जायचंय म्हणून मेडिकलमधून गोळी आणून पाळी पुढं ढकलायची सवय चांगली नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी कुणीच घेऊ नये, रक्तदाब असलेल्यांनी तर नाहीच. पॅड किंवा स्वच्छ कापड जास्तीचं घ्या, वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका.

घाटात उलटीचा त्रास असेल तर पुढच्या बाजूला, खिडकीपाशी बसा. मागच्या चाकावरची जागा नको. समोर रस्त्याकडं बघायचं, मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. अगदी उपाशी बसू नका, तेलकटही खाऊ नका. आल्याचा तुकडा, लिंबू जवळ ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, प्रवासाच्या तासभर आधी. आणि हाताशी पिशवी, म्हणजे शेजारणीचं पातळ वाचतं.

साखर, बीपीच्या गोळ्या जितके दिवस जायचं त्याहून दोन दिवसांच्या जास्त घ्या, आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग टपावर नाहीतर डिकीत जाते. साखर असणारीनं जेवणाची वेळ चुकवायची नाही. घाम फुटला, हातपाय थरथरले तर लगेच चमचाभर साखर किंवा गूळ खायचा.

शिदोरीत दशम्या, धपाटी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळ-शेंगदाणे. पहिल्या दिवशी याच्यावरच भागतं. भात आणि रसाची भाजी बांधू नका, दुपारपर्यंत आंबते. जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजायचं. चमचा चहाचा, लहान.

मुक्काम आणि मौल्यवान वस्तू

मोठ्या देवस्थानांची भक्तनिवासं असतात, तिथं स्वस्तात सोय होते. गणपतीपुळ्यालाही आहे. पर्यटन महामंडळाच्या 'निवास न्याहारी' योजनेत गावातल्या घरांत राहता येतं. शासनानं २०२३ मध्ये 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आणलंय, तेव्हा महामंडळाच्या निवासात उतरणार असाल तर बायकांसाठी सवलत आहे का, ते बुकिंगच्या वेळी विचारा.

मोबाइलवर नंबर शोधून लगेच पैसे पाठवू नका. देवस्थानांच्या, हॉटेलांच्या नावानं खोटे नंबर आणि खोटी पानं टाकलेली असतात. आधी जाऊन आलेल्या कुणाकडून नंबर घ्या. पैसे मिळण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करायची. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळायची आशा कमी.

खोली बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आतून कडी लागते का, खिडकी बंद होते का, संडासात पाणी आहे का, खोली किती वाजता सोडायची, हे चार प्रश्न विचारा आणि पावती घ्या.

सोनं घरी ठेवा. आम्ही सगळ्या साध्या काळ्या पोतीत गेलो. घरातून कुरकुर झाली, "मोकळ्या गळ्यानं जाता?" पण गाडीत चढतानाच्या रेटारेटीतच गळ्याला हात पडतो. पैसे एका ठिकाणी ठेवू नका. थोडे कमरेच्या पिशवीत, थोडे बॅगेत, थोडे दुसरीकडं. घरचे दोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकीच्या बटव्यात घाला. मोबाइल बंद पडला तर कागदच कामी येतो. ११२ पोलिसांच्या मदतीसाठी, १८१ महिलांच्या मदतीसाठी, १०८ ॲम्ब्युलन्ससाठी. हे नंबर पाठ करा.

आम्ही जोड्या लावल्या होत्या, सहा जोड्या. गाडीत चढलं-उतरलं की प्रत्येकीनं आपली जोडीदारीण आहे ना, एवढंच बघायचं. बारा डोकी मोजण्यापेक्षा हे सोपं.

समुद्र

गणपतीपुळ्याचं देऊळ अगदी समुद्राला लागून. संध्याकाळी पोचलो, दर्शन घेतलं आणि वाळूत जाऊन उभ्या राहिलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "एवढं पाणी, आणि पिता येत नाही!" सगळ्यांना हसू फुटलं. काकूही पोट धरून हसल्या. हसल्या की काय होतं याची भीती त्या दिवशी त्यांना वाटली नाही.

पण हा समुद्र जपून बघायचा. इथला किनारा उताराचा आहे. दोन पावलं पुढं गेलं की पाणी एकदम खोल होतं आणि परत जाणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. आपल्याला विहीर, ओढा माहीत, लाट माहीत नाही. त्यात भिजलेलं पातळ पायांत गुंडाळतं. म्हणून घोट्यापर्यंत पाण्यात, त्याच्या पुढं नाही. लाटेकडं पाठ करून फोटो काढायचा नाही. लाल बावटा असेल तिथं उतरायचंच नाही. भरती-ओहोटीच्या वेळा रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकतात. तिथल्या दुकानदाराला, कोळ्याला विचारायचं, "आज भरती कधी?"

कुणी ओढली गेलीच तर हात धरून साखळी करत पाण्यात शिरू नका. एकीच्या मागं चौघी जातात. ओरडून जीवरक्षकाला बोलवा. दोर, पातळ, रिकामा झाकणाचा कॅन, जे तरंगेल किंवा पोचेल ते किनाऱ्यावरून फेका.

दुसऱ्या दिवशी जवळच्या मालगुंडला गेलो. कवी केशवसुतांचा जन्म तिथला, त्यांचं स्मारक आहे. पोरींच्या पुस्तकातला कवी आपल्यासारख्याच कौलारू घरात जन्मला, याचं आम्हाला नवल वाटलं. वेळ असता तर रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडाही बघितला असता. इंग्रजांनी त्याला तिथं नजरकैदेत ठेवलं होतं. पण एका दिवसात तीन ठिकाणं करायची नाहीत, हे आम्ही ठरवलं होतं. दुपारी दोन तास सगळ्या आडव्या झालो. दुपारी झोपायला मिळालं, हीसुद्धा सहलच की!

घरचं काय?

"तुम्ही गेलात तर म्हशीचं कोण बघणार?" हा प्रश्न प्रत्येकीला आला. आम्ही शेजारच्या गटाशी बोलणी केली. आमच्या तीन दिवसांत त्यांनी आमची जनावरं बघितली, पुढच्या महिन्यात त्यांच्या तीन दिवसांत आम्ही त्यांची. घरी पीठ, डाळ, चटणी कुठं आहे ते दाखवून ठेवलं. एका घरात तीन दिवस खिचडीच शिजली. कुणी उपाशी राहिलं नाही.

आमच्यातल्या थोरल्या काकू आता बासष्टच्या. परत आल्यावर त्यांनी पुढच्या भिशीचे १०० रुपये सगळ्यांच्या आधी आणून दिले. आता पन्हाळ्याचं चाललंय.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की पाच मिनिटं काढा. कुठं जायचं ते नंतर ठरवा. आधी, दर वेळी मागं राहते ती कोण, तिला एकटीला गाठून विचारा. आणि जाऊन आलात की आपल्या रेडिओवर येऊन सांगा. आम्ही वाट बघतो.